तळवणेकरांचं बॉनेट

लग्नाच्या वरातीत गाडी माणसाच्या चालीने चालवावी लागते, आणि माणसाच्या चालीने चालवली की आपली जीप उकळते, हे श्रीरंग तळवणेकरांना कळलं तेव्हा शब्द देऊन झाला होता.

शब्द दिला होता बर्नार्ड लोपीस यांना. दोघं एकाच सहकारी बँकेतले. बर्नार्ड हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले होते आणि वसईच्या पश्चिमेला, बागायती वाड्यांच्या गावात, केळी आणि सोनचाफा सांभाळत होते. तळवणेकर अजून नोकरीत होते. बँकेचे अंतर्गत लेखापरीक्षक. कोणत्याही शाखेत जाऊन कोणतंही कपाट उघडायचा त्यांना अधिकार होता, आणि 'पूर्वपरवानगीशिवाय केलेला बदल' हा त्यांचा आवडता शेरा होता. एखाद्या क्लार्कने उजेडासाठी टेबल खिडकीपाशी सरकवलं तरी तो शेरा पडत असे.

बर्नार्डच्या मुलाचं, एरॉलचं, लग्न जानेवारीत ठरलं. चर्चमध्ये लग्न लागलं की नवरानवरीला घेऊन वरात चर्चपासून घरापर्यंत बँडच्या मागे चालत जाणार होती. एका रविवारी बर्नार्ड आमंत्रण घेऊन माणिकपूरला तळवणेकरांच्या फ्लॅटवर आले. चहा घेता घेता म्हणाले, "सगळं जमलंय. फक्त आई एवढं चालू शकणार नाही."

"आजी माझ्या जीपमधून येतील," तळवणेकर म्हणाले. "वरातीच्या पुढे, बँडच्या मागे. मी स्वतः चालवीन."

बर्नार्ड कप बशीत ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले. मित्राचा गळा दाटून आला आहे असं समजून तळवणेकरही आदराने गप्प बसले.

जीप त्यांनी दीड वर्षापूर्वी घेतली होती. जुनी, गडद हिरवी, चारही चाकांना जोर असलेली, डोंगर चढण्यासाठी आणि नद्या ओलांडण्यासाठी बनवलेली गाडी. लेखापरीक्षकाने अशी गाडी का घ्यावी, हे ज्ञानदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकदाच विचारलं होतं. तेव्हा तळवणेकर म्हणाले होते की माणसाच्या आयुष्यात रस्ता संपल्यावरही पुढे जाता आलं पाहिजे. प्रत्यक्षात जीप दर रविवारी मासळीबाजारात जाई आणि परत येई. गिअरच्या शेजारी एक लहान दांडा होता. तो ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो असं म्हणत. त्या दांड्याला तळवणेकरांनी आजवर फक्त पुसण्यासाठी हात लावला होता.

चाचणीशिवाय कोणतीही गोष्ट मान्य करायची नाही, हा त्यांचा बाणा. म्हणून त्यांनी ज्ञानदाबाईंना वरात व्हायला सांगितलं.

"म्हणजे काय करू?"

"पुढे चाल. बँडवाले चालतात तशी. मी मागून येतो."

ज्ञानदाबाई एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या, आणि वाद घालण्यात वाचनाचा वेळ जातो हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलेलं होतं. त्यांनी भाजीची पिशवी घेतली, कारण नुसतं चालण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता, आणि सोसायटीच्या फाटकातून निघाल्या. मागून जीप. रस्त्यावरच्या लोकांना जे दिसलं ते असं, की एक बाई मान ताठ ठेवून चालली आहे, आणि एक गृहस्थ पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागे मागे येत खिडकीतून डोकं काढून "सावकाश, जरा सावकाश" म्हणत आहेत. नाक्यावर एका रिक्षावाल्याने रिक्षा आडवी घातली आणि बाईंना विचारलं, "ताई, हा माणूस त्रास देतोय का?"

ज्ञानदाबाईंनी थोडा विचार केला. "देतात," त्या म्हणाल्या. "पण ते माझेच आहेत."

रिक्षा बाजूला होईपर्यंत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला होता. बॉनेटच्या कडांमधून वाफ येऊ लागली. तळवणेकरांनी गाडी एका मेडिकलच्या दुकानासमोर उभी केली आणि ती निवेपर्यंत, आपण औषध घ्यायलाच थांबलो आहोत अशा चेहऱ्याने, दुकानाची पाटी वाचत उभे राहिले.

गॅरेजवाल्या हितेशने गाडी तपासली. रेडिएटर साफ होता, पंखा नीट फिरत होता, पाण्याची कुठे गळती नव्हती.

"गाडी एकदम ओके आहे साहेब," हितेश म्हणाला. "जुनं इंजिन आहे. वारा लागला की थंड राहतं. हळू चालवू नका, एवढंच."

"वरात आहे."

"मग वरातीला पळायला सांगा."

हा उपाय गंभीरपणे विचारात घेण्यासारखा नव्हता. पण त्याच आठवड्यात तळवणेकरांना मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यात ऑस्ट्रेलियातले एक दाढीवाले गृहस्थ आपल्या गाडीच्या बॉनेटला स्वतःच्या हाताने झरोके पाडत होते. गाडी हळू चालली की बॉनेटखाली गरम हवा कोंडते, वर झरोका असला की ती निघून जाते, असं ते समजावून सांगत होते. हे म्हणणं तर्काला धरून होतं. शिवाय त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर एक शांती होती, जी तळवणेकरांना बँकेत कुणाच्याच चेहऱ्यावर दिसली नव्हती. त्यांनी तो व्हिडिओ ज्ञानदाबाईंना दाखवला.

"यांना पूर्वपरवानगी लागत नाही का?" ज्ञानदाबाईंनी विचारलं.

तळवणेकर म्हणाले की बदल स्वतःच्या मालमत्तेत आहे. हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा थोडा उंच होता, हे त्यांनाही जाणवलं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणतंही काम एकट्याने करता येत नाही. ग्राइंडरचा पहिला आवाज होताच सेक्रेटरी परेश शहा खाली आले. दुपारी विश्रांतीच्या वेळेत आवाज करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि मग विश्रांतीची वेळ संपेपर्यंत तिथेच उभे राहून सल्ला दिला. झरोक्याचं तोंड पुढे ठेवा, म्हणजे वारा आत जाईल. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, तोंड मागे हवं, म्हणजे हवा बाहेर येईल. दोघांनी हा वाद इतक्या सभ्यपणे आणि इतका वेळ घातला की तळवणेकरांना मधे "बॉनेट माझं आहे" असं म्हणायची संधी मिळाली नाही. शेवटी ठरलं की झरोके तिरके, लांबट पाडायचे, दोन बाजूंना दोन, म्हणजे दोघांचंही थोडं थोडं राहील.

तळवणेकरांनी बँकेच्या जुन्या कॅलेंडरच्या पानावर झरोक्याचा आकार काढला, कापला, बॉनेटच्या डाव्या बाजूला चिकटवला आणि पहिलं भोक पाडलं. ते उत्तम झालं. मग तेच पान उजवीकडे चिकटवलं. पान उलटं करून लावायला हवं होतं, पण उलट बाजूला बँकेच्या संस्थापकांचा फोटो होता आणि त्यांच्यावर ग्राइंडर चालवणं तळवणेकरांना प्रशस्त वाटलं नाही. त्यामुळे दुसरं भोकही पहिल्याच दिशेला झुकलं. समोरून पाहिलं की वाटे, जीपच्या कानात कोणीतरी काहीतरी सांगतंय आणि ती मान कलती करून ऐकतेय.

"मधे एक तिसरं पाडा," परेश म्हणाले. "नजर तिकडे जाईल."

तळवणेकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी दोन्ही भोकं वाढवत वाढवत गोल केली. गोलाला दिशा नसते. दोन चांगले मोठे, ताटाएवढे गोल तयार झाले, आणि त्यातून इंजिन आभाळाकडे बघू लागलं.

आता त्यांवर जाळी हवी होती. न्हाणीघराच्या जाळ्या लहान पडल्या. खिडकीची जाळी वाकली. दोन दिवस तळवणेकर जेवताना ताटाच्या कडेकडे एकटक बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना स्वयंपाकघरातल्या फडताळावर मोदकपात्र दिसलं. आतली भोकांची ताटली स्टीलची, मजबूत, वाफ जाण्यासाठीच बनवलेली. त्यांनी ती बॉनेटवर ठेवून पाहिली. बेतून घेतल्यासारखी बसली.

अडचण एवढीच होती की ताटली एक होती आणि भोकं दोन. ज्ञानदाबाई कॉलेजात असताना तळवणेकर वरच्या मजल्यावरच्या मीरा राऊत यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "आमच्याकडे संकष्टीला जास्त मोदक करायचेत. तुमचं मोदकपात्र मिळेल का?"

नोकरीच्या इतक्या वर्षांत ते कधी खोटं बोलले नव्हते, त्यामुळे सराव नव्हता. जास्त मोदक म्हणजे कोणासाठी, हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. मीराताईंनी पात्र दिलं आणि कौतुकाने विचारलं, "काही विशेष?"

"हो," तळवणेकर म्हणाले, आणि खाली आले.

संध्याकाळपर्यंत दोन्ही ताटल्या रिव्हेट मारून बॉनेटवर पक्क्या बसल्या. त्याच संध्याकाळी जिन्यात मीराताईंनी ज्ञानदाबाईंना गाठलं आणि अभिनंदन केलं. ज्ञानदाबाईंना कशाबद्दल ते कळेना. पण त्या हसल्या, आभार मानले, घरी आल्या, फडताळ पाहिलं, आणि गॅलरीतून खाली पार्किंगमध्ये पाहिलं. मग खुर्चीवर बसल्या.

"मीराला काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

तळवणेकरांनी सांगितलं.

"आणि विशेष काय आहे?"

"ते मी सांगितलं नाही."

"तिला वाटतंय आर्याला दिवस गेलेत."

आर्या म्हणजे त्यांची मुलगी, लग्न होऊन पुण्याला असलेली. संकष्टीला ज्ञानदाबाईंनी इडलीच्या भांड्यात, थोडे थोडे करून, पूर्ण मजल्याला पुरतील एवढे मोदक उकडले, कारण आता न करून चालण्यासारखं नव्हतं. मीराताईंना सगळं खरं सांगून, मोदक आणि नवंकोरं मोदकपात्र द्यायलाही त्याच गेल्या. त्या खाली आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तळवणेकरांना त्यांनी रागावलेलं जास्त बरं वाटलं असतं.

आणि तरीही, झरोक्यांनी काम केलं. दुसऱ्या चाचणीत ज्ञानदाबाई पुढे, जीप मागे, अशी सोसायटीपासून तलावापर्यंत वरात गेली, आणि काटा लाल रेघेच्या अलीकडे थांबला. वर गेला नाही. तळवणेकरांनी एक हात स्टिअरिंगवर ठेवून डोळे पुसले. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू चालते हा अनुभव त्यांना शाळेतल्या हस्तव्यवसायाच्या तासानंतर प्रथमच येत होता. वरातीसारखंच सगळं असावं म्हणून त्यांनी बॉनेटवर झेंडूच्या माळा टाकल्या होत्या. त्या मात्र घरी येईपर्यंत शिजल्या होत्या. जीपला पालेभाजीचा वास येत होता. माळा बॉनेटवर न घालता मागे बांधायच्या, एवढी दुरुस्ती ठरली.

मग परिवहन कार्यालयाची तारीख आली. जीप जुनी असल्यामुळे तिची तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायची होती, आणि ती मुदत नेमकी लग्नाच्या आधी संपत होती. तळवणेकर सगळी कागदपत्रं फाइलला लावून, फाइलला दोरी बांधून गेले. तपासणी करणारे निरीक्षक तरुण होते, अतिशय नम्र होते. त्यांनी इंजिनाचा नंबर पाहिला, दिवे पाहिले, ब्रेक पाहिले. मग बॉनेटपाशी थांबले.

"सर, हे काय आहे?"

"झरोके."

"हे मोदकपात्राचं आहे ना? आमच्याकडे आहे."

"हो."

निरीक्षकांनी कागद उघडले, पुन्हा बॉनेटकडे पाहिलं, पुन्हा कागदांकडे. "कागदावर बॉनेट अखंड आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "सर, हा पूर्वपरवानगीशिवाय केलेला बदल होतो."

या वाक्याला पुढे काय उत्तर येतं हे तळवणेकरांना पाठ होतं. जागा अपुरी होती. गैरसोय होत होती. कोणाचं नुकसान झालेलं नाही. प्रत्येक शाखेत त्यांनी ही उत्तरं ऐकली होती आणि एकही मान्य केलं नव्हतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

निरीक्षकांनाच वाईट वाटलं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की मूळचं बॉनेट बसवून आणा, मी लगेच सही करतो. पण तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. परत येताना तळवणेकरांनी जीप ओढून नेणारी गाडी बोलावली. मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवले. मागची चाकं उचलून, पुढच्या चाकांवर, जीप माणिकपुरात उलटी आली, आणि गॅलऱ्यांतून सगळ्यांनी पाहिली.

हितेशने भंगारातून एक अखंड बॉनेट शोधून आणलं. ते पिवळं होतं. गाडी कागदावर हिरवी असल्यामुळे ते रंगवणं भाग होतं. रंगवल्यावर ते कच्च्या कैरीच्या रंगाचं झालं आणि बाकीची जीप गडद हिरवीच राहिली. निरीक्षकांनी खूप वेळ दोन्ही हिरव्यांकडे पाहिलं आणि "दोन्ही हिरवेच" असं म्हणून सही केली. जीप कायदेशीर झाली, आणि पुन्हा उकळणारी झाली. झरोक्यांचं बॉनेट तळवणेकरांनी पार्किंगच्या भिंतीला टेकवून ठेवलं. परेशनी ते सोसायटीच्या जागेत बेवारस वस्तू म्हणून नोंदवलं.

लग्नाला एक दिवस उरला तेव्हा तळवणेकर ज्ञानदाबाईंना घेऊन बर्नार्डच्या घरी गेले. अंगणात मांडव उभा राहत होता. बर्नार्ड शिडी धरून उभे होते. कॉटवर, पडवीत, त्यांच्या आई लूर्डस आजी सुपारी कातरत बसल्या होत्या. तळवणेकरांनी घसा साफ केला.

"बर्नार्ड, मला एक निवेदन करायचंय."

बर्नार्डने शिडी दुसऱ्या कोणाच्या हातात दिली. निवेदन हा शब्द बँकेत फक्त वाईट बातमीसाठी वापरत. तळवणेकरांनी सगळं सांगितलं. वरातीच्या चाचणीपासून सुरू करून पिवळ्या बॉनेटपर्यंत. आजींना नेण्याचा शब्द आपण दिला होता आणि तो आपल्याला पाळता येत नाही, हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं.

बर्नार्ड म्हणाले, "तळवणेकर, मीच आधी बोलायला हवं होतं. मी म्हणालो होतो, आई एवढं चालू शकणार नाही. म्हणजे ती घरीच थांबणार, असं मला म्हणायचं होतं. तुम्ही एकदम जीप काढली. तुमचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना."

"आजींना वरातीत यायचं नव्हतं?"

"अरे बाबा, मी वरातीत कशाला?" आजी कॉटवरूनच म्हणाल्या. त्या मूळच्या मिठागराच्या गावच्या. आवाज अजून खणखणीत होता. "सून दारात येनार. मी तिच्यासंगं आले तर दारात तिला घेनार कोन?"

मांडवावर दोरी ओढल्याचा आवाज येत होता. ज्ञानदाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. त्या ज्या दोन वराती चालल्या होत्या त्या त्यांना एकदम पायात जाणवल्या असाव्यात.

"चर्चमधला मिस्सा तेवढा चुकनार," आजी सुपारीकडे बघत म्हणाल्या. "एरॉलच्या लग्नाचा. तो बघायचं मनात नाही, असं नाही."

बर्नार्डने समजावून सांगितलं. चर्चपासून घरापर्यंत रस्ता एकच, अरुंद. लग्नविधी होऊन मिस्सा संपला की चर्चच्या दारातच बँड सुरू होतो, आणि पुढे वरात असली की मागून गाडी निघू शकत नाही. आजी चर्चला गेल्या तर वरातीच्या मागेच अडकणार. लग्न लागण्याआधी त्यांना उठवून आणायचं, तर त्या ऐकणार नाहीत. म्हणून चर्च किंवा दार, यांपैकी एक, असं घरात ठरलं होतं, आणि आजींनी दार निवडलं होतं.

"दुसरा रस्ता नाहीच?" तळवणेकरांनी विचारलं.

"वाड्यांमधून आहे," बर्नार्ड म्हणाले. "स्टॅनीच्या वाडीतून, मागे. पण तो रस्ता म्हणायचा का? पूर्वी बैलगाडी जायची. आता सगळीकडे पाणी सोडलेलं, चिखल, बांध. रिक्षा रुतते. माणूसच नीट चालत नाही."

तळवणेकर उठून उभे राहिले. त्यांनी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या जीपकडे पाहिलं. ज्ञानदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि, या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच, स्वतःहून म्हणाल्या, "तिथे हळू चालवावी लागणार नाही."

लग्नाच्या दिवशी आजी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसल्या. लाल लुगडं, गळ्यात सोनं, हातात काठी. मिस्सा पूर्ण ऐकला. नवरानवरीने अंगठ्या घातल्या ते पाहिलं. शेवटचं गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले, आणि तेवढ्यात ज्ञानदाबाईंनी आजींना बाजूच्या दाराने बाहेर आणलं. तिथे जीप उभी होती. तळवणेकर कोट घालून बसले होते. पुढच्या दारात, रस्ता अडवून, बँडवाले पिपाण्या फुंकून बघत होते.

चर्चच्या मागच्या कुंपणापासून पुढे डांबर संपलं. तळवणेकर थांबले. त्यांनी लहान दांड्यावर हात ठेवला आणि तो ओढला. आतून काहीतरी जड वस्तू जागच्या जागी बसल्यासारखा आवाज आला. मग जीप केळींमध्ये शिरली.

"डावीकडनं घे," आजी म्हणाल्या. "उजवीकडं विहिरीचं पानी आहे."

त्यांनी डावीकडून घेतली. चिखल काचेवर आला, खिडकीतून आत आला, कोटावर आला. एका बांधावर जीप चढली तेव्हा फक्त आभाळ दिसत होतं, आणि उतरली तेव्हा फक्त चिखल. मागे ज्ञानदाबाईंनी दोन्ही हातांनी वरची सळई धरली होती. आजींनी काठी धरली होती आणि त्या रस्त्याकडे अशा बघत होत्या जशा बाजारात मासळीकडे बघतात, काळजीपूर्वक आणि न घाबरता.

"आता सरळ. दाबून चालव. इथं थांबलास तर राहिलास."

त्यांनी दाबून चालवली. वळणावर जीपचा मागचा भाग सरकला आणि घड लागलेली एक केळ आडवी झाली. तिची पानं कैरीच्या रंगाच्या बॉनेटवर पसरली. तळवणेकरांनी ब्रेककडे पाय नेला.

"स्टॅनीची आहे," आजी म्हणाल्या. "तो चर्चमध्येच आहे. मी सांगते त्याला. चल."

सवयीने तळवणेकरांचा डोळा काट्यावर गेला. काटा मध्यावर होता. जराही हलत नव्हता.

शेवटच्या वाडीला बांबूचं फाटक होतं. ते दोरीने बांधलेलं निघालं. ज्ञानदाबाई रेशमी साडीत, चिखलात उतरल्या, गाठ सोडली, फाटक उघडलं, आणि जीप घराच्या मागच्या अंगणात आली. मांडवात स्वयंपाकी सोडून कोणी नव्हतं. आजींनी पाय धुतले, लुगडं झटकलं आणि दारात खुर्ची मागून घेतली. तळवणेकर जीपपाशीच उभे राहिले, कारण अशा अवतारात पुढच्या बाजूला जाणं त्यांना बरोबर वाटेना.

बँड ऐकू आला. आधी मोठा ढोल, मग बाकीची वाद्यं. वळणापलीकडून लोक दिसू लागले. आजी खुर्चीतून उठायला गेल्या, अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"तळवणेकर," त्यांनी हाक मारली. "इकडं ये. मागं उभा राहा. कोपर धर. आणि दिसू नको."

ते दाराच्या आत, त्यांच्या मागे, उभे राहिले आणि त्यांचं डावं कोपर उजव्या हातात धरलं. हाड पक्ष्याच्या हाडासारखं हलकं होतं आणि सतत थरथरत होतं. बाहेरून कोणाला दिसलं नसतं. बाहेरून दिसत होतं ते एवढंच, की एरॉलची आजी दारात ताठ उभी आहे. वरात अंगणात आली. बर्नार्ड पुढे होते. आईला दारात बघून ते चालता चालता थांबले आणि मागचे लोक त्यांच्या अंगावर आले.

रोवेना, नवी सून, पायरीशी आली आणि तिने डोकं वाकवलं. आजींनी उजव्या हाताच्या अंगठ्याने तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि हळू काहीतरी म्हटलं, जे फक्त दोघींना ऐकू गेलं. मग एरॉलच्या कपाळावर. कोपर आता फार थरथरत होतं. तळवणेकरांनी पकड घट्ट केली.

रोवेनाने मान वर केली तेव्हा तिला आजींच्या मागे, अंधारात, नखशिखांत चिखलाने भरलेले एक गृहस्थ दिसले. घरातलंच कोणी वडीलधारं असणार असं समजून तिने त्यांच्यापुढेही कपाळ केलं. बँड थांबला होता. सगळे बघत होते. तळवणेकरांना काय करावं कळेना. त्यांनी मोकळा असलेला डावा हात कोटाला पुसला आणि तिच्या कपाळाकडे नेला.

"उजव्यानं," आजी, मागे न बघता, म्हणाल्या.

तळवणेकरांनी त्यांचं कोपर डाव्या हातात घेतलं, नीट सांभाळून, आणि उजव्या हाताने क्रूस काढला.